बिअरच्या पिंपातून सिक्रेट मेसेज पाठवणारी राणी, जिचा घात तिच्याच मेसेजनं केला

व्हॉट्सॲपवर एखाद्या नव्या माणसाशी चॅट सुरू केलं की सगळ्यात वर एक छोटी सूचना दिसते. तुमचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, तुम्ही आणि समोरचा माणूस सोडून ते कुणीच वाचू शकत नाही, अशा अर्थाची.

आपण ती सूचना नीट वाचतही नाही. पण मनात कुठेतरी नोंद होते की इथं बोलायला हरकत नाही. मग बँकेचा तपशील, आधार कार्डाचा फोटो, ऑफिसमधल्या साहेबाबद्दलचं खरं मत, सगळं बिनधास्त जातं.

ही सूचना खोटी नाही. पण ती फक्त रस्त्याबद्दल सांगते. समोर नक्की कोण बसलंय, त्याचा फोन कुणाच्या हातात आहे, हा रस्ता तुम्हाला दाखवला कुणी, याबद्दल ती एक शब्द बोलत नाही.

हा फरक लक्षात न आल्यामुळे १५८७ साली एका राणीला जीव गमवावा लागला. तिच्याकडे स्वतःची सांकेतिक लिपी होती, पत्रं नेणारा विश्वासू माणूस होता, आणि पत्रं लपवायला जागाही अशी की कुणाच्या डोक्यात येणार नाही. तरीही तिचं प्रत्येक पत्र शत्रूनं आधी वाचलं आणि मग पुढं पाठवलं.

ती राणी म्हणजे मेरी स्टुअर्ट. इतिहासात तिला मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स म्हणतात.

सहा दिवसांची राणी

मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ चा, स्कॉटलंडमधल्या लिनलिथगो राजवाड्यातला. त्याच वर्षी इकडे उमरकोटला अकबराचा जन्म झाला होता. मेरी सहा दिवसांची असताना तिचे वडील, राजा पाचवा जेम्स, वारले आणि पाळण्यातली पोर स्कॉटलंडची राणी झाली.

शेजारच्या इंग्लंडला ही राणी आपल्या राजपुत्रासाठी सून म्हणून हवी होती. स्कॉटलंडनं नकार दिल्यावर इंग्लंडनं फौजा घातल्या. शेवटी १५४८ मध्ये पाच वर्षांच्या मेरीला जहाजात बसवून फ्रान्सला पाठवलं. तिची आई फ्रान्समधल्या बड्या घराण्यातली होती. मेरी तिकडच्या राजदरबारातच वाढली, फ्रेंच हीच तिची रोजची भाषा झाली आणि १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी तिचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी तो राजा झाला, म्हणजे मेरी आता दोन देशांची राणी होती.

पण डिसेंबर १५६० मध्ये नवरा गेला. अठराव्या वर्षी विधवा झालेली मेरी १५६१ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडला परतली.

परतली तेव्हा देश बदललेला होता. स्कॉटलंड प्रोटेस्टंट झाला होता आणि राणी कॅथलिक होती. शिवाय इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या सख्ख्या आत्याची मेरी ही नात. एलिझाबेथला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे इंग्लंडच्या गादीवर मेरीचा हक्क लागत होता. युरोपातल्या बऱ्याच कॅथलिक लोकांच्या मते तर इंग्लंडची खरी राणी मेरीच होती.

हा हक्कच पुढं तिच्या गळ्यातला फास झाला.

पहिला धडा : खासगी पत्रं बाहेर आली तेव्हा

१५६५ मध्ये मेरीनं लॉर्ड डार्नलीशी लग्न केलं. वर्षभरातच संसार विस्कटला. मार्च १५६६ मध्ये, मेरी गरोदर असताना, तिच्या डोळ्यांसमोर तिचा इटालियन सचिव डेव्हिड रिझिओ याला फरफटत नेऊन भोसकून मारलं. त्या कटात तिचा नवराच सामील होता. हा रिझिओ मेरीचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळायचा. तिची गुपितं ज्याला माहीत होती, त्यालाच आधी संपवलं.

जूनमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव जेम्स. फेब्रुवारी १५६७ मध्ये डार्नली ज्या घरात मुक्कामाला होता ते बारूद लावून उडवण्यात आलं आणि त्याचं प्रेत बागेत सापडलं. संशय बॉथवेल नावाच्या सरदारावर होता. तीन महिन्यांनी मेरीनं त्याच बॉथवेलशी लग्न केलं. लोक खवळले, सरदार उठले. मेरीला लॉखलेव्हन इथल्या तळ्यातल्या किल्ल्यात डांबून गादी सोडायला लावलं आणि वर्षाच्या मुलाला राजा केलं.

मे १५६८ मध्ये ती किल्ल्यातून पळाली, लढाई लढली, हरली आणि एका होडीतून इंग्लंडमध्ये उतरली. एलिझाबेथ नात्यातली आहे, ती मदत करेल ही तिची आशा होती.

एलिझाबेथनं मदत केली नाही, चौकशी लावली. तिथं मेरीच्या विरोधकांनी चांदीची एक पेटी पुढं केली. पेटीत आठ पत्रं होती. ती मेरीनं बॉथवेलला लिहिली आणि त्यातून नवऱ्याच्या खुनात तिचा हात दिसतो, असा त्यांचा दावा होता. मेरीचं म्हणणं होतं की ही बनावट आहेत. मूळ पत्रं तिला बघायलाही दिली नाहीत. पुढं ती गायब झाली आणि आज फक्त नकला उरल्या आहेत. ती पूर्ण खरी होती, पूर्ण खोटी होती, की खऱ्या पत्रांत चार ओळी घुसडल्या होत्या, यावर इतिहासकार अजून भांडतात.

आजच्या भाषेत सांगायचं तर व्हायरल झालेल्या स्क्रीनशॉटसारखाच हा प्रकार. खरा की एडिट केलेला हे सिद्ध व्हायच्या आधीच नुकसान होऊन जातं. चौकशीत मेरीवर काहीच सिद्ध झालं नाही, पण तिला सोडलंही नाही. पाहुणी म्हणून आलेली राणी कैदी झाली, ती पुढची जवळपास १९ वर्षं.

नजरकैदेत एकच हत्यार उरलं : पत्र

कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हती. नोकरचाकर होते, सचिव होते, भरतकाम होतं. पण एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलवाहलव चालायची आणि भेटीगाठींवर पहारा असायचा. अशा बाईकडे बाहेरच्या जगाशी बोलायला एकच साधन होतं, ते म्हणजे पत्र.

मेरी पत्रं लिहायची, आणि खूप लिहायची. फ्रान्सच्या राजाला, स्पेनला, पोपला, लंडनमधल्या फ्रेंच वकिलाला. महत्त्वाची पत्रं सांकेतिक लिपीत असायची आणि प्रत्येक माणसासाठी लिपी वेगळी. म्हणजे तिला सुरक्षेचं भान नव्हतं असं मुळीच नाही. त्या काळातल्या कुठल्याही राज्यकर्त्याइतकं ते तिला होतं.

पण समोर एलिझाबेथचा मंत्री सर फ्रान्सिस वॉलसिंगहॅम होता. या माणसानं युरोपभर खबऱ्यांचं जाळं विणलं होतं. १५८३ मध्ये त्याला फ्रेंच वकिलातीतच माणूस मिळाला आणि मेरीच्या पत्रांच्या नकला त्याच्या टेबलावर यायला लागल्या. त्याच वर्षी एलिझाबेथला पदच्युत करायचा थ्रॉकमॉर्टन नावाच्या तरुणाचा कट पकडला गेला. लिपी फोडायची गरजही पडली नाही, कारण पत्रं जिथं उघडी होत होती तिथंच माणूस फुटला होता.

१५८५ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं कायदा केला. एलिझाबेथच्या जिवावर उठणाऱ्या कटात गादीचा दावेदार सामील आहे असं सिद्ध झालं, तर त्याच्यावर खटला भरता येणार होता. नाव न घेता हा कायदा मेरीसाठीच शिवलेला होता.

आता वॉलसिंगहॅमला एकच गोष्ट हवी होती, मेरीच्या होकाराचा लेखी पुरावा.

बिअरचं पिंप

त्याच वर्षी मेरीवर नवा पहारेकरी आला, सर अमायस पॉलेट. माणूस कर्मठ. त्यानं येणारी-जाणारी पत्रं तोडली, कपडे धुणाऱ्यांपासून गाडीवानांपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवली. कित्येक महिने मेरीला बाहेरची खबर नव्हती. तिच्या नावाची पत्रं लंडनच्या फ्रेंच वकिलातीत साचत राहिली.

ही कोंडी हाच सापळ्याचा पहिला भाग ठरला. सगळे रस्ते बंद झाले की माणूस जो रस्ता उघडेल त्यावर चालायला लागतो.

डिसेंबर १५८५ मध्ये फ्रान्सहून एक तरुण इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. त्याचं नाव गिल्बर्ट गिफर्ड. कॅथलिक घरातला, चार्टलीच्या आसपास घरचं नाव असलेला, आणि खिशात मेरीच्या पॅरिसमधल्या माणसानं दिलेलं शिफारसपत्र. वॉलसिंगहॅमनं त्याला तुरुंगात टाकलं नाही, आपल्या बाजूला वळवलं.

मग गिफर्ड फ्रेंच वकिलातीत गेला आणि मेरीपर्यंत पत्रं पोचवायची तयारी दाखवली. ओळख पक्की होती, शिफारस खरी होती, धर्म एकच होता. संशय यावा असं वरून काहीच दिसत नव्हतं.

मेरीला तेव्हा चार्टली हॉल या वाड्यात हलवलं होतं. तिथं बर्टन गावच्या बिअरवाल्याकडून पिंपं यायची. गिफर्डनं त्या बिअरवाल्याला हाताशी धरलं. पत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळायची, पिशवी पिंपात लपवायची. आत नोकर ती काढून मेरीच्या सचिवाला देणार, आणि उत्तर रिकाम्या पिंपातून परत जाणार.

जानेवारी १५८६ मध्ये पहिलं पत्र पोचलं. इतक्या महिन्यांनी बाहेरचा आवाज ऐकून मेरीला काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. तिनं वकिलातीला कळवलं की साचलेली सगळी पत्रं याच मार्गानं पाठवा.

तिला हे माहीत नव्हतं की पिंपाची व्यवस्था पॉलेटच्या संमतीनं झाली आहे. बिअरवाला दोन्हीकडून पैसे घेत होता. प्रत्येक पत्र आधी वॉलसिंगहॅमच्या लोकांकडे जायचं. आर्थर ग्रेगरी नावाचा कारागीर लाखेची मोहोर असा उघडायचा की मागमूस राहू नये. थॉमस फेलिप्स नावाचा तज्ज्ञ नक्कल उतरवून लिपी फोडायचा. मग मोहोर पुन्हा लागायची आणि पत्र पुढं जायचं.

सायबर सुरक्षेत याला मॅन-इन-द-मिडल हल्ला म्हणतात. फुकट वाय-फायच्या नावाखाली कुणी नेटवर्क उघडतो, किंवा बँकेच्या नावानं आलेल्या लिंकमागे हुबेहूब तसंच पान बनवतो, तेव्हा तोच खेळ असतो. दोन्ही टोकांना वाटतं आपण एकमेकांशी बोलतोय, आणि मधला माणूस सगळं ऐकत असतो.

ती लिपी इतकी कच्ची का होती?

मेरी आणि तिचा पाठीराखा अँथनी बॅबिंग्टन यांच्यातल्या लिपीत २३ अक्षरांसाठी २३ चिन्हं होती. काही नेहमीच्या शब्दांसाठी पस्तीसेक वेगळी चिन्हं होती. वाचणाऱ्याला चकवायला काही निरर्थक चिन्हंही होती. बघणाऱ्याला तो कागद म्हणजे किड्यामुंग्यांची रांग वाटावी.

पण मेख अशी होती की एका अक्षराला कायम एकच चिन्ह.

समजा मराठीत प्रत्येक अक्षराऐवजी एक चिन्ह ठरवलं. तरी मराठीचा स्वभाव लपत नाही. काना सगळ्यात जास्त वेळा येणार. वाक्याच्या शेवटी चिन्हांचा एकच गट पुन्हा पुन्हा दिसला तर तो बहुतेक आहे किंवा नाही असणार. इंग्रजीत ई हे अक्षर साधारण दर आठवं असतं. पत्रातली चिन्हं मोजायची, सगळ्यात जास्त आलेल्या चिन्हाला ई धरून बघायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

ही युक्ती नवी नव्हती. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानानं ती लिहून ठेवली होती. म्हणजे मेरीचं कुलूप तिच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधी उघडून दाखवलेलं होतं.

पण कच्च्या लिपीचा खरा धोका वेगळाच होता. कुठलीच लिपी नसती तर मेरीनं शब्द जपून वापरले असते, आडून लिहिलं असतं. आपलं लिहिणं कुणाला वाचता येणार नाही या खात्रीनं तिनं ते लिहिलं, जे उघड्या पत्रात कधीच लिहिलं नसतं. कुलूप नाही हे माहीत असलेला माणूस सावध झोपतो. कुलूप लागलंय असं समजून दार उघडं टाकणारा जास्त अडचणीत येतो.

जुलैचा पहिला आठवडा आणि सतरा जुलैचा दिवस

बॅबिंग्टन २४ वर्षांचा, डर्बीशायरचा श्रीमंत, कॅथलिक तरुण. लहानपणी मेरीच्या आधीच्या पहारेकऱ्याच्या घरी त्यानं चाकरी केली होती आणि तेव्हापासून राणीबद्दल त्याला आदर होता. जुलै १५८६ च्या पहिल्या आठवड्यात त्यानं मेरीला लांबलचक पत्र लिहिलं. परदेशी सैन्य उतरेल, मेरीला सोडवलं जाईल आणि सहा जण मिळून एलिझाबेथला संपवतील, अशी योजना त्यात होती. मेरीची संमती त्याला हवी होती.

हे पत्रही पिंपाच्या वाटेनं, म्हणजे वॉलसिंगहॅमच्या माणसांच्या हातून, गेलं. फेलिप्स तर लिपी जागच्या जागी फोडायला चार्टलीलाच येऊन बसला.

मेरीसमोर प्रश्न साधा नव्हता. वय ४३, सांधे धरलेले, कैदेत १८ वर्षं गेलेली, आणि तीही इंग्लंडच्या न्यायालयात कसलाच गुन्हा सिद्ध न होता. मुलगा जेम्स त्याच महिन्यात एलिझाबेथशी तह करून मोकळा झालेला. सुटकेची दुसरी वाट दिसत नव्हती. बॅबिंग्टनला उत्तर न देणं हा पर्याय होता, पण ज्याला अठरा वर्षांच्या कैदेनंतर दार किलकिलं दिसतंय, त्याला तो सुचणं अवघड.

१७ जुलैला तिनं उत्तर दिलं. तिनं मजकूर सांगितला, एका सचिवानं तो फ्रेंचमध्ये मांडला, दुसऱ्यानं इंग्रजी करून सांकेतिक लिपीत उतरवला. सैन्य किती, घोडे किती, सुटका कशी, असं सगळं त्यात होतं. त्या सहा जणांच्या कामाचा उल्लेखही होता. खुनाला तिनं स्पष्ट होकार दिला की तो विषय ओघात आला, यावर मतं वेगळी आहेत. पण नव्या कायद्याला तेवढं पुरेसं होतं.

फेलिप्सनं नक्कल वॉलसिंगहॅमकडे पाठवताना तिच्यावर फासाच्या खांबाचं चित्र काढलं होतं.

खऱ्या पत्राची खोटी शेपटी

पण वॉलसिंगहॅमला ते सहा जण कोण, हेही हवं होतं. मग फेलिप्सनं मेरीच्या पत्राला शेवटी एक ताजा कलम जोडलं. तीच लिपी, तीच चिन्हं, तसंच वळण. त्या सहा जणांची नावं आणि हुद्दे कळवावेत, अशी विनंती त्यात होती.

पत्र खरं होतं, पाठवणारी खरी होती, मोहोर जशीच्या तशी होती. फक्त शेवटची मागणी खोटी होती.

ही गोष्ट ओळखीची वाटते ना? मित्राच्या खऱ्या अकाउंटवरून मेसेज येतो. डीपी तोच, जुनं चॅट तेच, बोलण्याची लकब तीच. आणि शेवटी एक मागणी, आलेला सहा आकडी कोड पाठव, किंवा संध्याकाळपर्यंत अमुक रक्कम टाक.

बॅबिंग्टनला संशय घ्यायला एकच जागा होती. कैदेत बसलेल्या राणीला त्या सहा जणांच्या नावांचा काय उपयोग? ती नावं उपयोगाची होती ती फक्त पकडणाऱ्याला. मेसेज कुणाच्या नावानं आलाय यापेक्षा मागितलेली गोष्ट कुणाच्या कामाची आहे, हा प्रश्न जास्त खरं सांगतो. ओटीपी तुमच्या मित्राच्या काहीच कामाचा नसतो.

नावं कळवण्याआधीच धरपकड सुरू झाली. बॅबिंग्टन केस कापून, चेहरा अक्रोडाच्या रसानं काळवंडून जंगलात लपला, पण ऑगस्टमध्ये सापडला. सप्टेंबरमध्ये त्याच्यासह १४ जणांना अत्यंत क्रूरपणे मारण्यात आलं.

खटला आणि शेवट

११ ऑगस्टला मेरीला शिकारीच्या निमित्तानं घोड्यावरून बाहेर नेलं. समोरून घोडेस्वार येताना दिसले. आपल्याला सोडवायला बॅबिंग्टनचे लोक आले असं तिला क्षणभर वाटलं असल्यास नवल नाही. ते अटक करायला आले होते. इकडे चार्टलीत तिची कपाटं फोडून सगळे कागद आणि लिप्यांच्या किल्ल्या जप्त झाल्या. दोन्ही सचिवांना उचललं आणि दबावाखाली त्यांनी पत्राचा मजकूर कबूल केला.

१४ आणि १५ ऑक्टोबरला फॉदरिंगे किल्ल्यात खटला चालला. मेरीला वकील दिला नाही, कागदपत्रं दिली नाहीत, सचिवांना समोर आणलं नाही. तिच्या हातचं मूळ पत्र न्यायालयात आलंच नाही, आली ती नक्कल. तिनं ती नाकारली आणि वॉलसिंगहॅमच्या तोंडावर बनावटगिरीचा आरोप केला. त्या ताज्या कलमापुरतं तिचं म्हणणं खरं होतं. उरलेल्या पत्राबद्दल मात्र नव्हतं.

निकाल ठरलेला होता. एलिझाबेथनं सही करायला महिने लावले. १ फेब्रुवारी १५८७ ला सही झाली आणि ८ फेब्रुवारीच्या सकाळी, ४४ व्या वर्षी, मेरीचा शिरच्छेद झाला. वरचा काळा पोशाख उतरवल्यावर आत गडद लाल वस्त्रं होती, कॅथलिक हुतात्म्यांचा रंग. एका घावात काम झालं नाही. नंतर तिच्या कपड्यांच्या घोळात लपलेला तिचा छोटा कुत्रा सापडला.

एलिझाबेथ १६०३ मध्ये निपुत्रिक वारली आणि गादी गेली मेरीच्याच मुलाकडे. जेम्सनं आईचं शव लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये आणून पुरलं. आज तिथं दोघी राण्या एकाच छताखाली आहेत.

तिच्या पत्रांचं पुढं काय झालं?

गोष्ट इथं संपत नाही. २०२३ मध्ये जॉर्ज लासरी, नॉर्बर्ट बिअरमन आणि सातोशी तोमोकियो या तिघांनी जाहीर केलं की फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इटालियन म्हणून नोंद झालेल्या गठ्ठ्यातली सांकेतिक पत्रं त्यांनी संगणकाच्या मदतीनं वाचली. ती निघाली मेरीची, १५७८ ते १५८४ या काळातली, एकूण ५७. त्यातली बहुतेक लंडनमधल्या फ्रेंच वकिलाला लिहिलेली.

ही लिपी बॅबिंग्टनवाल्या लिपीपेक्षा खूप पक्की होती. नेहमी येणाऱ्या अक्षरांना एकाहून जास्त चिन्हं होती, त्यामुळे नुसती मोजदाद करून ती फुटत नव्हती. म्हणजे चांगलं कुलूप मेरीकडे होतं. पण सगळ्यात धोक्याच्या पत्राला ते लागलं नाही. आणि चांगलं कुलूप असतानाही वकिलातीतल्या फितुरामुळे त्यातली काही पत्रं वॉलसिंगहॅमनं वाचलीच.

शेवटचं पत्र तिनं मृत्यूच्या दिवशी पहाटे लिहिलं, दिराला, म्हणजे फ्रान्सचा राजा तिसरा आंरी याला. त्यात सांकेतिक काहीच नव्हतं. त्यात नोकरांचे पगार देण्याची विनंती होती. त्या काळात पाकिटं नसायची, कागदच घडी घालून बंद करायचे. मेरीनं कागदाच्या कडेची पट्टी कापली आणि ती घडीतल्या चिरांमधून ओवत नेऊन पत्र असं बांधलं की पट्टी फाडल्याशिवाय ते उघडणारच नाही. कुणी मध्ये उघडलं तर वाचणाऱ्याला लगेच कळावं. हे पत्र आज एडिनबरोत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

ज्या पत्रात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्याला सगळ्यात पक्की घडी.

मग आपण काय करायचं?

आपल्या मागे कुणी वॉलसिंगहॅम नाही, आपल्याकडे काय आहे चोरण्यासारखं, असं बहुतेकांना वाटतं. पण आजच्या भामट्याला राणी नको असते, त्याला हजार सामान्य माणसं पुरतात. रात्री झोपताना दाराला कडी लावणं जसं भित्रेपणाचं नाही, तसंच हेही. ही रोजची सवय आहे.

मेरीच्या गोष्टीतून तीन प्रश्न निघतात. मेसेज उघडताना ते स्वतःला विचारायला अर्धा मिनिट लागतो.

पहिला, हा रस्ता मला दाखवला कुणी? समोरून आलेल्या लिंकवरून बँकेच्या साइटवर जायचं नाही. ॲप स्वतः उघडायचं. नोकरी, कर्ज, केवायसी अडल्याचा निरोप, हे सगळं अशाच वेळी येतं जेव्हा आपल्याला गरज असते. गरज जितकी मोठी, तितकं जास्त थांबायचं.

दुसरा, समोर खरंच तोच माणूस आहे का? मागणी आली की माहितीतल्या जुन्या नंबरवर फोन लावून आवाज ऐकायचा. व्हॉट्सॲपमध्ये ६० आकडी सुरक्षा कोड असतो, तो दोघांनी भेटून जुळवून बघता येतो. आणि लिंक्ड डिव्हायसेस ही यादी महिन्यातून एकदा बघायची. तिथं न ओळखीचा कॉम्प्युटर दिसला तर समजायचं की पिंप वाटेत थांबतंय. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला की नुसत्या ओटीपीवर कुणाला तुमचं अकाउंट घेता येत नाही.

तिसरा, हे उद्या चार लोकांत वाचलं गेलं तर? एन्क्रिप्शन रस्त्यात राखण करतं. पोचल्यावर स्क्रीनशॉट काढणाऱ्या हातावर त्याचा ताबा नाही.

आणि एवढं करूनही कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसायचं नाही. १९३० हा देशाचा सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मेरी मूर्ख नव्हती. ती चार भाषा कोळून प्यायलेली, दोन देशांच्या दरबारांत मुरलेली बाई होती. ती फसली कारण ती एकटी होती, घाईत होती आणि तिला विश्वास ठेवायचा होता. यातली एक तरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात कधी ना कधी येतेच. फरक इतकाच की मेरीकडे दुसऱ्या वाटेनं खात्री करून घ्यायची सोय नव्हती, आणि आपल्याकडे एक फोन लावण्याइतकी ती सोपी आहे.